अहमद-नगर की अहम-दनगर?

‘भाकरी’ आणि ‘शेतकरी’ हे दोन शब्द एकामागोमाग मोठ्याने म्हणून पाहावेत. दोन्हींच्या शेवटी लिहायला तीच दोन अक्षरे आहेत, क आणि री. पण भाकरीतला क म्हणताना त्यातला अ कोणी उच्चारत नाही. तोंडून निघते ते ‘भाक-री’. शेतकरी म्हणताना मात्र तोच क अ-सकट पुरा उच्चारला जातो आणि त्याच्या अलीकडचा त अर्धा होतो: ‘शेत-क-री’. ‘शे-तक-री’ असे पाथर्डीच्या बाजारातला व्यापारी म्हणणार नाही आणि पुण्यातला प्राध्यापकही म्हणणार नाही. शाळेत हे कोणी शिकवत नाही, पाटीवर लिहिलेले नसते, तरी चार वर्षांचे पोरही त्यात चुकत नाही.

याचे कारण शब्दाच्या घडणीत आहे. भाकरी हा आजच्या बोलणाऱ्याच्या कानाला एकसंध शब्द आहे. शेतकरी जोडून झालेला आहे: शेत आणि करी. वारकरी, गावकरी यांची घडणही तीच आणि उच्चारही तसाच. दोन भाग जिथे भिडतात तो सांधा लिहिताना दिसत नाही, पण बोलताना ऐकू येतो. मराठीत तो ऐकू येतो तो न बोललेल्या अ-मुळे. आणि हे कान देऊन ऐकायचे असेल तर जोडनावांनी भरलेल्या अहिल्यानगर जिल्ह्याइतकी सोयीची जागा दुसरी नाही. जिल्ह्याचे जुने नाव, नवे नाव, चौदा तालुक्यांतली बरीच नावे, धरणे, गड, साखर कारखान्यांच्या वसाहती, सगळीकडे जोडकाम आहे.

आधी नियम थोडक्यात. देवनागरीत क लिहिला की त्यात अ गृहीत असतो. बोलताना मात्र मराठी तो अ जागोजागी टाकून देते. शब्दाच्या शेवटचा अ तर जातोच: ‘गाव’ लिहायला दोन अक्षरे, बोलायला एकच तुकडा. शब्दाच्या मधला अ जातो तो साधारण अशा ठिकाणी, जिथे त्याच्या अलीकडे एक व्यंजन आणि स्वर आहे आणि पलीकडेही एक व्यंजन आणि उच्चारलेला स्वर आहे. म्हणून बाजरीची ‘बाज-री’ होते, टाकळीची ‘टाक-ळी’, कळसूबाईची ‘कळ-सू-बाई’. दोन पथ्ये मात्र पाळली जातात. शब्दाच्या पहिल्या अक्षरातला अ कधी गळत नाही, आणि लागोपाठचे दोन अ सहसा एकदम गळत नाहीत, नाहीतर व्यंजनांची गर्दी होऊन जीभ अडेल. मोजणी शेवटाकडून सुरू करायची, एक टाकायचा, एक ठेवायचा, असे करत पुढे यायचे. हिंदीतल्या याच गळतीचा नियम मंजरी ओहाला यांनी १९८३ च्या आपल्या ग्रंथात नेटका मांडला. मराठीची चाल काही बाबतींत वेगळी असली तरी मूळ हिशेब तोच आहे.

आता हा हिशेब ‘अहमदनगर’ला लावून पाहू. लिहायला सात अक्षरे, आणि सातही साध्या अ-ची. एकही काना, मात्रा, वेलांटी नाही. असा शब्द परक्या माणसाच्या पुढ्यात टाकला तर त्याला तो कुठे तोडावा हे कळायला काहीच आधार नाही. नियम यंत्रासारखा शेवटाकडून लावला, तर र मधला अ जातो, ग मधला राहतो, न मधला जातो, द मधला राहतो, म मधला जातो, ह मधला राहतो. हाती येते ‘अ-हम-दन-गर’. नियम काटेकोर पाळला, आणि गावाचे नाव पार बिघडले! खरा उच्चार आहे ‘अह-मद-न-गर’. फरक पडला कशाने? बोलणाऱ्याला ठाऊक असते की इथे दोन शब्द आहेत. नगर हा स्वतंत्र शब्द, म्हणून त्याच्या पहिल्या अक्षरातला, न मधला, अ पवित्र. त्याला हात लावायचा नाही. अहमद हाही स्वतंत्र शब्द, म्हणून त्याच्या शेवटचा, द मधला, अ गेलाच पाहिजे. नियम दोन्हीकडे वेगवेगळा चालवायचा आणि मग तुकडे शेजारी ठेवायचे. दोन शेतांमधल्या बांधासारखे हे आहे: नांगर बांधापर्यंत येतो आणि वळतो.

पंधराव्या शतकाच्या अखेरीस मलिक अहमद निजामशहाने हे शहर वसवले आणि आपले नाव त्याला दिले. पाच शतकांहून अधिक काळ लोकांनी तो बांध जपला. २०२४ मध्ये जिल्ह्याचे आणि शहराचे नाव अहिल्यानगर झाले. जामखेड तालुक्यातल्या चौंडी गावी १७२५ मध्ये जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांचे ते नाव. नावबदलावर राजकीय अंगाने भरपूर बोलले गेले. उच्चाराच्या अंगाने एक गंमत तशीच राहून गेली. अहमदनगर लिहायला सात अक्षरे लागत, अहिल्यानगर लिहायला सहा लागतात. म्हणजे कागदावर नाव आखूड झाले. पण बोलताना अह-मद-न-गर हे चार तुकडे होते, आणि अ-हिल्-ल्या-न-गर हे पाच आहेत. जिभेवर नाव लांबले. जुन्या नावात गळायला तीन अ होते, ह, द आणि शेवटच्या र मधले. नव्यात गळतो तो फक्त शेवटचा.

नव्या नावातही बांध आहेच, उलट तो अधिक ठळक आहे. ‘ल्या’च्या आ नंतर न येतो, पुढे ग आणि त्याचा अ. एरवी अशा जागी न मधला अ हमखास गळला असता आणि ‘अहिल्यान-गर’ झाले असते. तसे होत नाही. राहाता तालुक्यातल्या लोणीजवळचे प्रवरानगरही याच साच्याचे. सहकारी साखर कारखान्यामुळे, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्यामुळे, हे नाव देशभर गेले. त्यात दोन्ही गोष्टी एकाच शब्दात ऐकायला मिळतात. ‘प्रवरा’ या नदीच्या नावात, एका शब्दाच्या पोटात, व मधला अ गळतो: ‘प्रव-रा’. लगेच पुढे ‘रा’ नंतर तशीच स्थिती असूनही न मधला अ टिकतो: ‘प्रव-रा-न-गर’. एक अ गेला, एक राहिला, आणि दोघांच्या मध्ये जोड आहे. सावेडीला शहराचे उपनगर म्हणतात तेव्हा ‘उप-न-गर’ म्हणतात. पण गळ्यातले उपरणे मात्र ‘उ-पर-णे’ असते. दोन्हींची सुरुवात उ, प अशीच आहे. उपरण्यात आतून कुठे जोड आहे असे आज कोणाला जाणवत नाही, म्हणून तिथे नियम सरळ धावतो.

हा सगळा खेळ अ गाळणाऱ्या भाषांचा. दक्षिणेला कृष्णेपलीकडे गेले की तो थांबतो. कन्नड माणूस विजयनगर म्हणतो तेव्हा शेवटच्या र सकट सगळे अ उच्चारतो: वि-ज-य-न-ग-र, सहा तुकडे. मराठी माणूस म्हणतो ‘वि-जय-न-गर’, चार. १५६५ मध्ये तालिकोटच्या लढाईत हुसेन निजामशहा आणि त्याचे दोस्त सुलतान विजयनगरच्या रामरायाशी भिडले, तेव्हा दोन्ही बाजूंच्या राजधानीच्या नावांत ‘नगर’ हाच शब्द होता. तो उच्चारण्याची रीत मात्र दोन मुलखांत वेगळी आहे.

जिल्ह्यातले याहून सुंदर उदाहरण अकोले तालुक्यात, प्रवरेवरच आहे: भंडारदरा. १९२६ मध्ये पुऱ्या झालेल्या विल्सन धरणामुळे हे नाव पर्यटकांच्या तोंडी रुळले. यंत्राचा हिशेब लावला तर शेवटचा ‘रा’ स्वरयुक्त, त्याच्या अलीकडचा द गळणार, मग त्याच्या अलीकडचा र टिकणार, आणि नाव होणार ‘भंडा-रद-रा’. खरे नाव ‘भंडार-द-रा’. दरा म्हणजे दरी, तो शब्द शाबूत राहिला पाहिजे. रोमन लिपीतली पाटी पाहिली तर तिथेही तेच दिसते: र आणि द ही व्यंजने एकमेकांना चिकटून, आणि द नंतर स्वराचे अक्षर हजर. रोमन पाट्यांचा मराठी माणूस एरवी उपहास करतो, आणि बऱ्याचदा रास्तही करतो. पण या बाबतीत त्या देवनागरीपेक्षा जास्त बोलतात, कारण त्या कानाने लिहिलेल्या आहेत. कळसूबाईच्या रोमन नावात ळ नंतर स्वर नाही, शिंगणापूरच्या नावात ण पूर्वीचा ग नुसता आहे, संगमनेरच्या नावात म आणि न यांच्यामध्ये काही नाही. पाथर्डीने तर देवनागरीतही लाज सोडली आणि र सरळ अर्धा करून घेतला.

भंडारदऱ्याला विभक्ती लावली की आणखी एक बारीक गोष्ट घडते. ‘भंडारदऱ्याला’ असे लिहिताना र डोक्यावर रफार होऊन जात नाही, तो पोट पसरलेल्या अर्ध्या र च्या रूपात य ला चिकटतो. हे अक्षर मराठीने खास राखून ठेवले आहे, आणि त्याचे काम नेमके तुकडे पाडण्याचे आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र: तिथे र पहिल्या तुकड्यात जातो, ‘दर्-या’, आणि द वर आघात येतो. ‘दऱ्या’ म्हणजे अनेक दऱ्या: तिथे र आणि य दोघे मिळून दुसऱ्या तुकड्यात जातात, ‘द-ऱ्या’, आणि द हलकाच राहतो. छंदशास्त्रात पहिला द गुरू, दुसरा लघू. समुद्रसपाटीपासून उंचावर, सह्याद्रीच्या कुशीत असलेल्या भंडारदऱ्यात दर्याचा उच्चार केला तर ते भौगोलिकदृष्ट्याही चूक ठरेल.

सगळीच नावे आपला सांधा असा उघड करत नाहीत. कोपरगाव हे ‘को-पर-गाव’ होते, पण जोड आहे हे माहीत नसले तरी नियमाने तेच आले असते. रतनगड, अरणगाव, शेवगाव, पारनेर, जामखेड यांचेही तसेच. तिथे दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोचतात. हरिश्चंद्रगडाचा प्रकार निराळा. पहिल्या भागाच्या शेवटी जोडाक्षर आहे, आणि जोडाक्षरातला अ सोडला तर न, द, र, ग अशी चार व्यंजने एका रांगेत येतील. म्हणून तिथे भागाच्या शेवटचा असूनही द्र मधला अ टिकतो: ह-रिश्-चन्-द्र-गड. कर्जत तालुक्यात, भीमेकाठी, अष्टविनायकांपैकी एक असलेल्या सिद्धटेकचेही तसेच: सिद्-ध-टेक.

आता प्रश्न असा की, सांधा दाखवायला जगातल्या इतर भाषा काय करतात? डच भाषेकडे पाहण्यासारखे आहे, कारण जोडशब्द एकसंध लिहिण्यात ती मराठीच्याही पुढे आहे. तिथे ‘क्वार्तस्लाखन’ असा एक प्रसिद्ध शब्द आहे. ‘क्वार्त’ नंतर तोडला तर अर्थ होतो पाव वळणे, ‘क्वार्त्स’ नंतर तोडला तर गारगोटीचे थर. लिहायला अक्षर न अक्षर तेच. ओळीच्या शेवटी असा शब्द तोडायची वेळ आली की डच छापखान्याला आधी अर्थ ठरवावा लागतो, कारण जोडशब्द सांध्यावर तोडायचा हा तिथला लेखननियम आहे. मराठी वृत्तपत्रांच्या अरुंद रकान्यांत असा विधिनिषेध क्वचितच दिसतो. ‘भंडा-’ एका ओळीत आणि ‘रदरा’ दुसऱ्या ओळीत छापले गेले तरी संपादकाला कोणी जाब विचारत नाही. विचारायला हवा.

डचमध्ये सांध्याची दुसरी खूण म्हणजे आघात. जोडनामात जोर बहुतेक वेळा पहिल्या भागावर पडतो. इंग्रजीतही तसेच: नगरचा फुलशेतीवाला ज्यात जरबेरा लावतो त्या ‘ग्रीनहाउस’चा जोर ‘ग्रीन’वर असतो, आणि हिरव्या रंगाचे घर म्हणायचे असेल तर तो जोर ‘हाउस’कडे सरकतो. डचमध्ये काही हट्टी अपवाद आहेत. नगरपालिकेच्या इमारतीला तिथे ‘स्टाटहाउस’ म्हणतात आणि जोर दुसऱ्या भागावर देतात. कोबीच्या जातीतल्या एका कुरळ्या पालेभाजीचे नाव ‘बूरनकोल’, शब्दशः शेतकऱ्यांची कोबी. तिथेही जोर शेवटच्या ‘कोल’वर. का, याला सोपे उत्तर नाही. डच शिकणाऱ्याला ही नावे पाठ करावी लागतात.

मराठीत आघात हे काम करत नाही. मराठी बोलण्यात जोर असतो, तो साधारणपणे जड तुकड्यावर पडतो, पण जोराची जागा बदलून शब्दाचा अर्थ बदलत नाही. म्हणून जिथे अ गळण्याची खूणही नसते तिथे मराठी सांधा पूर्ण लपतो. ‘दिवाकर आला’ आणि ‘आता दिवा कर’ यांतला ‘दिवाकर’ कानाला सारखाच. आपल्या अलंकारशास्त्राने या उणिवेचे भांडवल केले आणि त्याला सभंग श्लेष असे भारदस्त नाव दिले: शब्द एकीकडे तोडला तर एक अर्थ, दुसरीकडे तोडला तर दुसरा. पंतकवींची त्यावर हयात गेली.

या भूमीतल्या भाषांना आघाताची जाण नव्हती असे मात्र नाही. वैदिक संस्कृतात स्वरांचा चढउतार अर्थ ठरवत असे, आणि समासात तर फारच. त्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. त्वष्ट्याला इंद्राचा नाश करणारा पुत्र हवा होता. यज्ञात त्याने ‘इंद्रशत्रु’ हा शब्द म्हटला. उदात्त, म्हणजे चढा, स्वर शब्दाच्या शेवटी दिला तर तो तत्पुरुष: इंद्राचा शत्रू, म्हणजे इंद्राला मारणारा. पहिल्या पदावर दिला तर तो बहुव्रीही: इंद्र ज्याचा शत्रू, म्हणजे इंद्राकडून मरणारा. उच्चारात चूक झाली, उदात्त पहिल्या पदावर पडला, आणि जन्मलेला वृत्र इंद्राच्या हातून मेला. पतंजलीने महाभाष्याच्या आरंभी, व्याकरण का शिकावे हे सांगताना, याच चुकीचा दाखला दिला आहे. जोडनामातल्या आघाताबद्दल याहून महाग पडलेला धडा डच व्याकरणातही सापडणार नाही.

त्या स्वरांचे पुढे काय झाले, यावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विद्वानांत वाद झाला आणि त्याच्या मध्यभागी मराठी होती. रॅल्फ टर्नर यांनी १९१६ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात एक दीर्घ लेख लिहून मांडले की वैदिक स्वरांचा माग मराठी शब्दांत अजून लागतो. कोणता स्वर टिकला आणि कोणता झिजला हे त्या प्राचीन आघाताने ठरवले. शेजारच्या भाषांचा इतिहास मात्र वेगळ्या, अभिजात संस्कृताच्या आघाताने समजतो, असे त्यांचे म्हणणे. हे मत सर्वांना पटले नाही. याच काळात झूल ब्लॉक यांचा मराठी भाषेच्या घडणीवरचा फ्रेंच ग्रंथ पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला (१९२०), वा. गो. परांजपे यांनी तो १९४१ मध्ये मराठीत आणला. मराठी नावांचा, विशेषतः झिजलेल्या जोडनावांचा, उलगडा करू पाहणाऱ्याला आजही त्या ग्रंथाशिवाय पुढे जाता येत नाही.

झीज कशी होते हे संगमनेर आणि पारनेर सांगतात. यांतला ‘नेर’ म्हणजे ‘नगर’च. प्राकृतात दोन स्वरांमधला ग विरघळला, नगरचे नयर झाले, त्याचे नेर. म्हणजे जिल्ह्यात एकच शब्द दोन वयांत भेटतो: अहिल्यानगरात तो संस्कृतातून उचललेला, कोरा, संगमनेरात, अमृतवाहिनी प्रवरा आणि म्हाळुंगी यांच्या संगमावर, हजारभर वर्षे वापरून गुळगुळीत झालेला. त्यातही एक खूण पाहण्याजोगी आहे. मराठीत दोन स्वरांमधल्या जुन्या न चा ण होतो. पानीयचे पाणी झाले ते असे. शब्दाच्या आरंभीचा न मात्र न राहतो. पारनेरचे पारणेर झाले नाही, संगमनेरचे संगमणेर झाले नाही. म्हणजे इतकी शतके झिजूनही बोलणाऱ्यांच्या लेखी ‘नेर’ हा वेगळ्या शब्दाचा आरंभ होता.

सगळ्या जोडशब्दांच्या नशिबी हे आले नाही. देवकुलाचे देऊळ झाले, राजकुलाचे राऊळ, कुंभकाराचा कुंभार, मातृगृहाचे माहेर. देऊळ आणि कुंभार यांत दुसऱ्या शब्दाचा आरंभीचा क साफ गेला आहे. आरंभीचे व्यंजन असे सहजी जात नाही. ते गेले म्हणजे तो आरंभ आहे हे लोक विसरले होते. देऊळ म्हणताना आज कोणाला त्यात कुल आठवत नाही.

सांधा नाहीसा करण्याची एक प्रतिष्ठित रीतही आहे, संधी. रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर घ्या. अमृत आणि ईश्वर. अ आणि ई मिळून ए झाला, आणि सांधा त्या एकाच स्वराच्या पोटात गेला. अ-मृ-तेश्-वर असे तुकडे पडतात आणि ‘ते’ हा तुकडा धड अमृताचा नाही, धड ईश्वराचा नाही. टाकळी ढोकेश्वर, बाभळेश्वर, सगळीकडे तीच गत. असा शब्द सांध्यावर तोडा म्हटले तर डच छापखानाही हात टेकेल.

लेखनाच्या नियमांनाही सांध्याची दखल घ्यावी लागली. महाराष्ट्र शासनाने १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाचे चौदा लेखननियम स्वीकारले, १९७२ मध्ये आणखी चार. त्यांत असे आहे की संस्कृतातून आलेल्या शब्दाच्या शेवटचा इकार मराठीत दीर्घ लिहायचा: कवी, शनी. पण तोच शब्द समासात पहिला आला तर मूळचा ऱ्हस्व परत येतो: कविसंमेलन, शनिवार. याच न्यायाने नेवासे तालुक्यातले प्रसिद्ध गाव जोडून लिहिले तर ‘शनिशिंगणापूर’, तोडून लिहिले तर ‘शनी शिंगणापूर’. रस्त्यावरच्या पाट्यांवर चारही प्रकार सापडतात, तोडून ऱ्हस्व आणि जोडून दीर्घ हेही. शेवटच्या ‘पूर’ची तऱ्हा आणखी वेगळी: श्रीरामपूर दीर्घ, पण श्रीरामपुरात ऱ्हस्व, आणि श्रीरामपूरला परत दीर्घ.

नेवाशाचे नाव निघाले की ज्ञानेश्वरी आलीच. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, प्रवरेकाठी ती पुरी झाली. आज आपण जे अ गिळतो ते त्या काळी, निदान शब्दाच्या शेवटी, उच्चारले जात असावेत असे बरेच अभ्यासक मानतात. पुढच्या अभंगांतही मोजणी लिहिलेल्या अक्षरांचीच राहिली. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अशी अक्षरे धरतात, आणि त्यात बोलताना गळणारा अ-ही पूर्ण किमतीला मोजला जातो. त्या हिशेबाने अहमदनगर एका चरणात मावलेच नसते, अहिल्यानगर मात्र नेमके बसते. कीर्तनकार गाताना हे अ सैल सोडून उच्चारतो, आणि तोच कीर्तनकार निरूपणाला उभा राहिला की पटापट गिळतो. श्रोत्यांना दोन्ही स्वाभाविक वाटते.

स्वाभाविक वाटत नाही ते यंत्राला. मजकूर वाचून दाखवणारी संगणक-यंत्रणा बनवणाऱ्यांना भारतीय भाषांत सर्वांत आधी छळतो तो हाच अ. नरसिंहन, स्प्रोट आणि किराझ यांनी २००४ मध्ये हिंदीसाठी या प्रश्नावर लेख लिहिला तेव्हा अडचण तीच होती: शब्द कुठे जोडला आहे हे कळल्याशिवाय कोणता अ टाकायचा हे कळत नाही, आणि जोड तर लिहिलेली नसते. आजची यंत्रणा हजारो तास माणसांचे बोलणे ऐकून शिकते, त्यामुळे नगर, पूर, गाव असे वारंवार येणारे शेवट तिला जमतात. अडते ते क्वचित येणाऱ्या नावांशी, आणि खेडोपाडीची नावे तशीच असतात.

यंत्राला मदत करायची सोपी युक्ती म्हणजे नाव तोडून लिहिणे. ‘राळेगण सिद्धी’, ‘हिवरे बाजार’ अशी नावे लोक आधीच सुटी लिहितात, तिथे रा-ळे-गण आणि हिव-रे बिनचूक येतात. ‘भंडार दरा’ असे मध्ये जागा सोडून लिहिले तर यंत्र र आपोआप अर्धा करेल आणि द पुरा म्हणेल. पण हीच युक्ती शिंगणापूरला लावली की शनीचा इकार दीर्घ करावा लागतो, आणि अमृतेश्वराला ती लावताच येत नाही.